परमिट परत आल्यावर

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणाची तरी चौकशी लागायची, अन् या भानगडीत आधीच पुरेशी माणसं हलकान झालेली आहेत. नवेगाव बांधाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून विजेचं एक सबस्टेशन आहे, एवढं पुरे. तिथं अल्का गजभिये ऑपरेटर आहे. वय अडतीस, नोकरीला अकरा वर्षं झालेली, नवरा रत्नपाल राईस मिलमध्ये, मुलगी मोनाली दहावीला.

लोक म्हणतात, "अल्काताईले काय, पंख्याखाली बसून पगार." म्हणोत बापडे. बसून असते हे खरं. पण कशावर बसून असते, ते एकदा आठ तास तिच्या खुर्चीत बसून बघा म्हणावं.

खोलीत पाच फीडरची पाच हँडलं. एकेका फीडरवर पाच-सहा गावं. लाईनमनला तारेवर काम करायचं असलं की तो फोन करून परमिट मागतो. अल्का ती लाईन बंद करते, हँडलवर 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी अडकवते, वहीत त्याचं नाव अन् वेळ लिहिते. काम झालं की तोच लाईनमन फोन करतो, "परमिट परत." मग पाटी काढायची अन् लाईन चालू करायची. ज्याचं परमिट, त्याचाच फोन. यात चुकायला जागाच नाही, असं गोंदियाच्या ऑफिसात एसीत बसणाऱ्याला वाटतं.

चुकायला जागा आहे. उन्हाळी धान शेतात उभा असताना लाईन बंद करणं म्हणजे लोकांच्या ताटातला घास उचलणं. साहेब परमिट द्यायला नाखूश, लोक अंगावर यायला टपलेले. मग लाईनमन लोकांनी आपसात तोड काढली. एकानं परमिट घेतलं, लाईन बंद झाली, की बाकीचे आपापल्या गावात चुपचाप खांबावर चढतात अन् त्याच बंद लाईनवर आपली राहिलेली कामं उरकून घेतात. वहीत नाव एकाचं, तारेवर माणसं तीन. साहेबांना ठाऊक, लाईनमनना ठाऊक, गावाला ठाऊक. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

अल्कालाही ठाऊक होतं, पण ऐकून. मागच्या दिवाळीनंतर ते समोर येऊन उभं राहिलं. तिनं एका लाईनमनचं परमिट रीतसर परत घेऊन लाईन चालू केली, अन् अर्ध्या तासानं जंगलू मडावी मोटारसायकलवरून आला. जंगलू पलीकडच्या टोल्याचा, म्हणजे छोट्या वस्तीचा, लाईनमन, हसरा, सदा घाईत. पाणी मागितलं, गटागटा प्याला अन् हसत हसत म्हणाला, "ताई, आज दोन मिनिटं अजून वर राह्यलो असतो ना, तं तुमी माह्या तेरवीचं जेवून राह्यल्या असत्या."

तो हसला, बाहेर उभे दोघं हसले. अल्काही हसली. मग मागच्या बाजूला जाऊन ओकली.

तेव्हापासून तिचं बिघडलं. कामावरून घरी जाताना चार किलोमीटरवरून स्कूटी वळवून परत यायची, पाटी लावली का ते बघायला. पाटी लावलेलीच असायची. पुन्हा निघायची, अन् नाल्याच्या पुलावर पुन्हा वाटायचं, बघितली ती पाटी आजची की कालची? घरी कुकरची शिटी झाली तरी ऑफिसचा फोन वाजल्यासारखं दचकायची. झोपेत दात इतके आवळायची की सकाळी भाकरी चावता येत नसे. एकदा मोनालीनं गंमत म्हणून मागून येऊन 'आई' म्हटलं, तर हिनं फाडकन तिच्या थोबाडीत दिली. पोरगी दोन दिवस बोलली नाही. रत्नपाल माणूस चांगला, पण त्यालाही कळेना. "कोनाले काही झालं का? नाही ना? मंग कायले एवढी झुरतेस?"

काही झालं नाही, हेच तर तिला खात होतं.

गोंदियाला डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. ऑफिसनं ताणतणावावर एक शिबिर घेतलं. तिथं एका गृहस्थानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले, चार आकडे श्वास घ्या म्हणाला, चार आकडे सोडा म्हणाला, अन् 'कामाचं ओझं ऑफिसातच ठेवून घरी जा' असं सांगून स्वतः जेवायच्या आधी गाडीत बसून घरी गेला. लाईनमन लोक मागच्या रांगेत खुशाल घोरत होते. अल्कानं श्वास घेतले. खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. पण खुर्चीत बसून फोन वाजला की चार आकडे मोजायला वेळ कोण देतो?

तिचं दुखणं ओळखलं ते बायजाबाईनं. बायजाबाई सबस्टेशन झाडते, पाणी भरते, चहा करते. जंगलाकडची बाई. चैतात पहाटे मोहफुलं वेचायला जाण्यात तिची सारी उमर गेली. अस्वलाची अन् वाघाची वाट तिला आपल्या अंगणासारखी माहीत. एक दिवस अल्का तिसऱ्यांदा पाटी चाचपताना तिनं बघितलं अन् म्हणाली, "बाई, भेव दोन जातीचा राहते. एक नुसता पोटात लोळत राहते. त्याले इचारलं, काऊन आला बापा, तं काही सांगत नाही. तो खोटा. दुसरा भेव बोट दाखवते. त्या झुडपाकडं पाह्य, म्हणते. त्याचं ऐकावं. ज्यानं नाही ऐकलं, ते घरी नाही आले."

"अन् कोणता खरा ते कसं कळायचं, मावशी?"

"इचारत जा त्याले," बायजाबाई म्हणाली अन् झाडू घेऊन निघून गेली.

तर हा एप्रिलमधला मंगळवार. ऊन असं की कुत्रीही सावली सोडेनात. तळ्याकडच्या फीडरवर तार पेलणारं चिनीमातीचं एक चाक फुटलं होतं, म्हणून दुर्गेश लाईनमननं अकरा वाजता परमिट घेतलं. या फीडरवर गावं पाच. शेवटचा जंगलूचा टोला. अल्कानं लाईन बंद केली, पाटी लावली, वहीत लिहिलं, अन् पाटीकडं बघत बसली.

बाराला फोन सुरू झाले. नळयोजनेचा पंप बंद. पिठाची चक्की बंद. एका घरी हळद होती, तिथल्या पाहुण्यानं दोन शिव्या हिंदीत घातल्या, दोन मराठीत. अल्का प्रत्येकाला एकच सांगे, "काम चालू आहे भाऊ, एक वाजेपर्यंत येईल." फोन ठेवला की वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं गावाचं नाव टिपायची. ही तिची जुनी सवय. कोणत्या गावचा बोभाटा जास्त, ते साहेब नेहमी विचारत.

एक वाजून पाच मिनिटांनी दुर्गेशचा फोन. "ताई, झालं. खाली उतरलो, सामान गोळा केलं. परमिट परत."

"तूच बोलून राह्यला ना दुर्गेश?"

"आता माह्या आवाजाले का झालं वो ताई?"

तिनं वेळ लिहिली. उठली. हँडलजवळ गेली. अन् हात पाटीवर ठेवून तिथंच उभी राहिली.

जंगलू.

तिनं जंगलूला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. खांबावर चढताना लाईनमन फोन गाडीच्या डिक्कीत ठेवतात. म्हणून तो उचलत नसेल? की जेवून झोपला असेल? की तिच्या डोक्यातला किडा पुन्हा वळवळतोय? तिसऱ्यांदा लावेपर्यंत तिच्या ब्लाउजची पाठ घामानं चिंब झाली होती, अन् पंखा तर डोक्यावर फिरत होता.

सव्वा वाजला. स्वप्निल कटरे साहेबांचा फोन आला. साहेब गोंदिया शहराचे, वयानं तिशीचे. माणूस वाईट नाही, पण वरून कोणी दाबलं की खाली दाबणारा.

"मॅडम, तळ्याचा फीडर अजून बंद कसा? दुर्गेश बोल रहा है परमिट वापस किया."

"हो साहेब. पाच मिनिटं द्या. जंगलू फोन उचलत नाही."

"जंगलूचं परमिट आहे का?"

"नाही."

"तो फिर? मॅडम, आप फिर से टेन्शन ले रहे हो. सभापतींचा फोन आलाय मला. चार्ज करो."

"करते साहेब, पाच मिनिटं."

फोन ठेवायचा अवकाश की दुसरा वाजला, तो ठेवला की तिसरा. "झोपली का गं बाई?" "पगार घेता का भीक?" एक बाई तर नुसती रडतच होती, हळदीचा स्वयंपाक पाण्यावाचून अडला होता. अल्काचे कान गरम झाले, जबडा दुखायला लागला. टिपायचा हात मात्र थांबला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला वाटलं, कर चालू, जाऊ दे. वहीत सगळं बरोबर आहे. काही झालं तर तुझा दोष नाही. कोणी तुला बोट लावू शकणार नाही. अन् हे मनात आल्याबरोबर तिला स्वतःची इतकी भीती वाटली की तिनं टेबल घट्ट धरलं.

दीड वाजता जंगलूचा फोन आला.

"ताई! तीन मिस कॉल? का झालं?"

"जंगलू भाऊ! कुठं आहेस तू? खांबावर आहेस का?"

"कायचा खांब? सासरवाडीत हावो ना मी. साळीचा साक्षगंध हाये. जेवून राह्यलो होतो, फोन चार्जिंगले होता."

"जमिनीवर आहेस?"

"चटईवर हावो, ताई!" तो खो खो हसला.

अल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे किडाच होता. सारे म्हणतात तेच खरं, आपल्यालाच लागलंय हे. तिनं फोन खांद्यावर मानेत धरला, पाटी काढली, टेबलावर ठेवली अन् हँडल मुठीत घेतलं.

दारात बायजाबाई चहाचा कप घेऊन उभी होती. अल्काच्या मुठीकडं बघत होती.

मूठ हँडलवर होती अन् नजर वहीच्या कोपऱ्यावर गेली. पेन्सिलीच्या खुणा. एका गावाचे अकरा फोन, दुसऱ्याचे नऊ, तिसऱ्याचे आठ, चौथ्याचे चौदा. पाचव्या नावापुढं काहीच नव्हतं. जंगलूचा टोला. अडीच तास लाईन नाही, चार गावं बोंबलून राहिली, अन् तो टोला गप्प. एरवी तिथली माणसं काय कमी भांडखोर? लाईन झपकली तरी फोन करणारी.

लोक कधी फोन करत नाहीत? खांबावर माणूस डोळ्यांनी दिसतो तेव्हा.

"जंगलू," ती म्हणाली, अन् तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुझ्या टोल्यावरून आज एकही फोन नाही आला. काऊन?"

पलीकडचं हसू थांबलं. साखरपुड्याला जमलेली माणसं बोलत होती, भांडी वाजत होती, तेवढं ऐकू आलं.

"ताई," जंगलू म्हणाला. "ताई, थांबा. हात नका लावू. माय वो... दुलीचंद!"

दुलीचंद म्हणजे टोल्यावरचा खासगी वायरमन. पंचावन्नचा. कंपनीचा माणूस नव्हे. लाईनमन सुट्टीवर असला की त्याच्या जागी रोजीनं चढणारा. शाळेजवळची तार तीन दिवसांपासून लोंबत होती. जंगलूनं काल रात्री त्याला सांगून ठेवलं होतं, उद्या लाईन बंद झाली की चढून जोडून घे. अन् सकाळी नव्या शर्टाच्या घाईत ते सांगणं तो साफ विसरला होता. दुलीचंदकडं फोन नाही.

अल्कानं हँडलवरचा हात असा काढला जसा तवा लागला. पाटी परत अडकवली. "कोणाला तरी लाव! टोल्यातल्या कोणालाही लाव, उतरव त्याला!"

"लावतो, ताई, लावतो..."

फोन ठेवते न ठेवते तोच फाटकात जीप थांबली. कटरे साहेब खाली उतरले, लाल झालेले. मागं मोटारसायकलींवर सहा-सात माणसं. साहेब तरातरा आत आले.

"मॅडम, हटो. मैं खुद करता हूं."

अल्का हँडलपुढं उभी राहिली. पाठ पॅनलला टेकवली. "साहेब, खांबावर माणूस आहे."

"कौन?"

इथं ती क्षणभर अडखळली. नाव घेतलं की जंगलूची नोकरी धोक्यात, अन् दुलीचंदची रोजी गेलीच. "टोल्याचा दुलीचंद. जंगलूनं चढवला आहे."

"परमिट कुठाय त्याचं?"

"नाही."

"मग रेकॉर्डवर कोणी नाहीये मॅडम! रेकॉर्डवर लाईन रिकामी आहे. बाहर पब्लिक खडी है, समझ रहे हो आप?"

"रेकॉर्डवर नाही, साहेब, खांबावर आहे!" ती ओरडली. अकरा वर्षांत ती साहेब माणसावर कधी ओरडली नव्हती. "तुम्हाला करायचंच असेल तर लिहून द्या. 'माणूस वर आहे हे सांगितल्यावर मी लाईन चालू करतो', असं लिहा अन् खाली सही करा. मग मी हटते."

साहेबांनी खिशाकडं हात नेला, तो तिथंच राहिला. बाहेरून कोणीतरी शिवी हासडली. बायजाबाई कप खाली ठेवून खोलीच्या दारात आडवी बसली, पदर खोचून, आता बघतेच कोण आत येते, अशी. फोन वाजत होता, वाजून बंद पडत होता, पुन्हा वाजत होता. प्रत्येक वेळी अल्का नंबर बघायची. टोल्याचा नाही म्हणून उचलायची नाही. सहा मिनिटं गेली. तिला वाटलं, दिवस गेला.

मग एक अनोळखी नंबर. "ताई, मी टोल्यावरून बोलतो. दुलीचंदले उतरवलं. करा चालू."

साहेबांनी श्वास सोडला. "चलो. करो."

"त्याला फोन दे," अल्का फोनमध्ये म्हणाली.

"अवो उतरला म्हणतो ना मी..."

"त्याच्या हातात दे फोन!"

थोडी खडखड झाली. मग दुलीचंदचा जाड, गोंधळलेला आवाज. "हो बाई. का झालं?"

"पाय कुठं आहेत तुमचे?"

"आँ? खाली. मातीत."

"वर तारेवर काही राहिलं का? पक्कड, दोरी, माणूस?"

"नाही बाई. सारं आणलं."

एक वाजून त्रेचाळीस मिनिटांनी तिनं पाटी काढली अन् लाईन चालू केली. बाहेरच्या मोटारसायकली आपोआप निघून गेल्या. लोकांना लाईनशी मतलब.

तुम्हाला वाटेल, आता साहेबांनी तिची पाठ थोपटली असेल. साहेब खुर्चीत बसले, रुमालानं तोंड पुसलं अन् खालच्या आवाजात म्हणाले, "रजिस्टर में क्या लिखोगे मॅडम? असं करा, ब्रेकर अडकला होता म्हणून उशीर, एवढं लिहा. सबका भला." लगेच जंगलूचा फोन आला, रडत. "ताई, तुमच्या पाया पडतो, नका लिवू. माही नोकरी जाईन. लेकरंबाळं हायेत."

सगळे तिलाच विनवत होते. ज्या बाईनं माणूस वाचवला, तिलाच आता तो माणूस वर नव्हताच असं लिहायचं होतं. अल्काला जंगलूची दया आली, खरंच आली. पण हेच खोटं गेली कित्येक वर्षं या खोलीत तिच्या जबड्यात येऊन बसलं होतं, हेही तिला त्या घडीला लख्ख दिसलं. तिचं दुखणं तिच्या डोक्यातलं नव्हतं. ते वहीतलं होतं.

तिनं पेन घेतलं. 'परमिट परत १.०५. लाईन चालू १.४३. विलंबाचे कारण : टोल्यावर शाळेजवळील खांबावर दुलीचंद नेवारे हे विनापरमिट काम करीत होते. खाली उतरल्याची वेळ १.४१. स्वतः बोलून खात्री केली.' खाली सही ठोकली अन् वही साहेबांपुढं सरकवली. साहेबांनी दोनदा वाचली. सही न करता निघून गेले. पुढं जंगलू महिनाभर घरी बसला अन् अल्कालाही विलंबाचा खुलासा मागणारी नोटीस आली, पण ते सारं नंतरचं.

पाळी संपायला थोडा वेळ होता तेव्हा दुलीचंद सायकलवरून आला. एवढ्या उन्हात, सात किलोमीटर. दारात चपला काढल्या. चेहऱ्यावर राग होता की लाज, कळत नव्हतं.

"बाई, लोकं म्हणून राह्यले, तुमी माहं नाव लिवलं."

"लिहिलं, काका."

"दाखवा."

तिनं वही फिरवली अन् बोट ठेवलं. दुलीचंद वाकला. अक्षर लावत लावत त्यानं आपलं नाव वाचलं. तीस वर्षं तो या तारांवर चढत होता; कोणत्याही वहीत ते नाव कधी आलं नव्हतं.

"अना हे?" त्यानं आकड्यावर बोट टेकवलं.

"तुम्ही खाली उतरलात ती वेळ."

"अना हे वरचं? एक पाच?"

"तेव्हा परमिट परत आलं होतं. तेव्हाच लाईन चालू व्हायची होती."

दुलीचंद एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्याकडं बघत राहिला. ओठ हलवत त्यानं मधली मिनिटं मोजली. "छत्तीस मिनिटं," तो म्हणाला. "तारेलेच धरून होतो ना मी, बाई. दोन्ही हातानं." अन् मग त्याचे गुडघे लटपटायला लागले. तो भिंत धरत खाली बसला, अन् ते थरथरणं काही केल्या थांबेना.

अल्काला ते ओळखीचं होतं. ती त्याच्याजवळ फरशीवर बसली अन् त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"होते असं," ती म्हणाली. "बसा थोडा वेळ. घाई नाही."